लाकडी चहासंचावर पुन्हा पुन्हा बुरशी येते? आधी नळकांड्याचा तळ बघा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: चिनी चहाचा लाकडी संच हौसेने घेतला, सुरुवातीला छान होता, आता चिमट्याच्या टोकाला आणि चमचीच्या मागे करडे-काळे ठिपके दिसताहेत. धुतले, उन्हात टाकले, गेले. आठवड्याभरात पुन्हा हजर. मी नोकरीनिमित्त दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत राहतो, त्यामुळे ओळखीपाळखीतल्या ज्या मराठी मंडळींना गोंगफू चहाचा (छोट्या चहादाणीत तीच पत्ती पुन्हा पुन्हा काढून छोट्या पेल्यांत प्यायची चिनी पद्धत) नाद लागलाय त्यांचे असे फोटो माझ्याकडे येत असतात. जूनच्या मध्यापासून तर रांगच लागते. म्हणून उत्तर एकदाच सविस्तर लिहितोय.

घाईत असाल तर एवढंच करा. ठिपके पडलेल्या वस्तूकडे बघत बसू नका. ती ज्या नळकांड्यात उभी करून ठेवता ते रिकामं करा, आत मोबाइलचा टॉर्च मारा आणि नाक घालून वास घ्या. कुबट वास आला, तळाला कडेकडेने काळी गोल रेघ दिसली, तर तुमची बुरशी तिथे राहते. चिमटा आणि सळई तिला फक्त बाहेर घेऊन येतात.

हे नळकांडं काय प्रकरण आहे ते सांगतो. दुकानात 'सहा सज्जन' या नावाने जो संच मिळतो, त्यात नळकांडं धरून सहा वस्तू असतात. कोरडी पत्ती घ्यायचा पन्हळीसारखा चमचा, पत्ती आत ढकलायची आणि नंतर चोथा काढायची लांब दांडीची चमची, गरम पेले धरायचा चिमटा, चहादाणीच्या तोंडावर बसवायचं नरसाळं आणि तोटीत अडकलेली पत्ती काढायची सळई. या पाचांतल्या दोन वस्तूंना, म्हणजे पन्हळी चमच्याला आणि नरसाळ्याला, पाणी लागायचं कारणच नाही. त्या कोरड्या पत्तीच्या बाजूच्या. चिमटा, चमची आणि सळई मात्र प्रत्येक बैठकीत गरम पाण्यात बुडतात. आणि विकणारा या सगळ्यांना एकाच उभ्या, अरुंद, तळ बंद असलेल्या भांड्यात घालून देतो. दिसायला फार देखणं दिसतं. ओलं आणि कोरडं एकत्र कोंडायची याहून पक्की सोय मात्र मला माहीत नाही.

आधी खात्री करा: काळं ते सगळं बुरशीच नसतं

ही पायरी लोक गाळतात आणि मग नको ते रसायन चोळत बसतात.

बुरशीचे ठिपके गोलसर, सुटे सुटे असतात. लाकडाच्या रेषा कुठे चालल्यात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. तिरक्या उजेडात धरलं तर वर बारीक लव दिसते, करडी किंवा हिरवट. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडक्याला रंग लागतो. वास असतोच.

दुसरा प्रकार शाईसारखा, निळसर काळा आणि एकदम सपाट. वास नाही, लव नाही, पुसून जात नाही. हा लोखंडाचा डाग. चहात टॅनिन असतं, अक्रोडासारख्या लाकडात स्वतःचंही असतं. त्याला ओलाव्यात लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून कापड काळं रंगवतात, त्यातलं रसायन हेच. ओतीव लोखंडाची किटली ओल्या ट्रेवर टेकवली, तारेच्या घासणीचा कण फटीत राहिला, ट्रेखालचा स्क्रू गंजला, यातलं काहीही पुरेसं आहे. डाग किटलीच्या बुडाएवढा अर्धगोल असेल तर शंकाच नको.

तिसरा म्हणजे चहाचा तपकिरी रंग. कडा पुसट, सगळीकडे सारखा. त्याचं काही करायचं नाही. चिनी लोक तर असा रंग चढावा म्हणून वाट बघतात.

पहिल्या दोघांत गोंधळ होत असेल तर कापसाच्या काडीने लिंबाचा रस एकाच ठिपक्यावर लावा आणि दहा मिनिटं थांबा. लोखंडाचा डाग फिका होतो, बुरशीचा ठिपका ढिम्म हलत नाही. लोखंडच निघालं तर हेच दोन-तीनदा करून साध्या पाण्याने पुसून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड यावर जास्त जोरात चालतं, पण ते विषारी आहे. तोंडाशी जाणाऱ्या पेल्यांना लागणाऱ्या चिमट्यावर ते वापरावं असं मला वाटत नाही. ट्रेच्या खालच्या बाजूला, हातमोजे घालून, ठीक.

नळकांडं

बुरशी नक्की झाली असेल तर मुक्काम इथे.

बांबूचं नळकांडं असेल तर त्याचा तळ म्हणजे बांबूचं पेर. बांबूची बाहेरची साल घट्ट, मेणचट असते, पाणी सहसा आत घेत नाही. आतली बाजू उलट मऊ आणि पिठूळ असते; स्टार्च आणि साखर तिथेच जास्त. पॉलिश बाहेरून करतात, आत कोणी हात घालत नाही. म्हणजे बुरशीचं खाणं ज्या बाजूला, पाणीही त्याच बाजूला ठिबकतं. लाकडाचं, खरादावर कातलेलं नळकांडं असेल तर तळाला लाकडाचा आडवा छेद उघडा असतो आणि आडवा छेद पाणी किती पटकन ओढतो ते कुठलाही सुतार सांगेल. ओली टोकं वर करून ठेवली तरी उपयोग नाही, दांडीवरून ओघळ खालीच येतो. एका वेळचं पाणी म्हणाल तर चार-पाच थेंब. ते थेंब तळाशी पसरतात, वर पाच काड्यांची गर्दी, हवा खेळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब.

म्हणूनच चिमटा कितीही उकळून काढला तरी ठिपके परततात. उकळलेला चिमटा तुम्ही परत त्याच विहिरीत सोडता.

उपाय असा. नळकांडं उलटं करून झटका, मग आतून ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने घासू नका, बुरशीची पूड घरभर उडते आणि थेट नाकात जाते. एका गोल काठीला किंवा लाटण्याच्या मुठीला पॉलिश पेपर गुंडाळून तळ आणि खालची दोन-तीन बोटं उंचीची भिंत घासून काढा; आधी 180 नंबर, मग 320. लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत घासा. नंतर फडकं सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून आतून फिरवा (शेजारी गॅस चालू नको) आणि दोन दिवस आडवं ठेवून वाळू द्या.

आता खरा इलाज: तळाला पाच-सहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा आणि खालून रबराची छोटी बटणं चिकटवून नळकांडं टेबलापासून जरा उचला. जराशी फट पुरे. हवा खालून वर जाते आणि निम्मं काम तिथेच होतं. देखण्या वस्तूला भोक पाडायला हात धजत नाही, हे मान्य. नक्षीकाम केलेलं, महागाचं असेल तर नका पाडू, पण मग ते नळकांडं कोरड्या वस्तूंसाठीच ठेवा. चिमटा, चमची आणि सळई बैठकीनंतर पुसून एखाद्या आडव्या टेकूवर रात्रभर पडू द्यात. चॉपस्टिक टेकवायचा चिनी मातीचा छोटा ठोकळा त्यासाठी उत्तम. नळकांड्यात जायचं ते दुसऱ्या दिवशी.

मला विचाराल तर पावसाळ्याचे चार महिने नळकांडं सरळ कपाटात ठेवून द्यावं. रिकामं.

वस्तू साफ करताना

अखंड बांबूची, जोड नसलेली चमची किंवा सळई दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकली तरी बिघडत नाही. उकळल्याने बांबूतली थोडी साखरही निघून जाते, म्हणजे पुढच्या बुरशीचं खाणंही कमी होतं. चीनमध्ये बांबूचं सामान बनवणारे तो कापल्यावर उकळतात किंवा वाफवतात, ते याचसाठी. गडद तपकिरी रंगाचा 'कार्बनाइझ्ड' बांबू मिळतो तो दाबाखाली वाफ देऊन तसा केलेला असतो. वर रंग दिलेला नसतो. त्यावर बुरशी तुलनेने कमी येते, पण तो जरा ठिसूळ होतो. चहादाणीच्या तोटीत सळई खुपसून तरफेसारखी दाबली तर टोक तुटून आत राहतं, आणि मग ते काढायला दुसरी सळई लागते.

गडद, तेलकट लाकडं उकळू नका. जोड दिलेलं, चिकटवलेलं काहीही उकळू नका. त्यांना स्पिरिट लावून पुसणं आणि गरज पडेल तिथे 320 नंबरचा कागद, इतकं बस.

ब्लीच नको. एक तर त्याचा वास लाकडात बसतो आणि पुढचे कित्येक दिवस चहात उतरतो. मोरी धुतल्यासारख्या वासाचा ऊलाँग चहा कोणाला प्यायचाय? शिवाय ब्लीचने ठिपक्याचा रंग उडतो, म्हणून काम झालं असं वाटतं. आत उतरलेले धागे तसेच राहतात. भांड्यांचा लिंबाच्या वासाचा साबणही नको, कारण तोच. व्हिनेगर चालतं, फक्त नंतर नीट हवा लागू द्या.

आणि ऊन. आपल्याकडे कुरडयांपासून गाद्यांपर्यंत सगळ्याला ऊन दाखवायची सवय आहे, त्यामुळे पहिला विचार गच्चीचाच येतो. ओलं लाकूड दुपारच्या उन्हात टाकलं की वरचा थर भराभर सुकून आकसतो, आतला ओला थर आकसत नाही, आणि वरची बाजू फाटते. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, हरकत नाही. एरवी सावली आणि पंखा. दोन चॉपस्टिकवर आडवं ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, कारण लाकूड वरून कोरडं लागतं तेव्हा आत ओल असतेच. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. ट्रे असो की नळकांडं, रोज एकदा वजन टिपून ठेवा. जोवर आकडा उतरतोय तोवर पाणी निघतंय. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की वाळलं. चमचीसारख्या हलक्या वस्तूला हे जमत नाही, पण तिला एरवीही एक रात्र पुरते.

ट्रेखालून वास येतो तेव्हा

ज्यांच्याकडे फट्या असलेला लाकडी किंवा बांबूचा ट्रे आहे, त्यांची बुरशी वरून दिसत नाही. पेले गरम केलेलं पाणी, पत्तीवरचं पहिलं पाणी, चहादाणीवर ओतलेलं पाणी, सगळं फट्यांतून खालच्या खणात किंवा नळीवाटे बादलीत जातं. वरचा भाग आपण टिपून घेतो. पट्ट्यांची खालची बाजू कायम वाफेवर. खण बैठक संपल्याबरोबर बाहेर काढा, ओता, धुवा, आणि रात्रभर बाहेरच राहू द्या. ट्रे भिंतीला टेकवून उभा करा, आडवा नको. नळीच्या ट्रेला शेवटी तांब्याभर साधं गरम पाणी सोडा, नाहीतर चहाचा चिकट थर नळीत बसतो आणि सगळ्या दुर्गंधीचं खापर बिचाऱ्या लाकडावर फुटतं.

पट्ट्यांच्या सांध्यात सरळ काळी रेघ दिसत असेल तर ती वेगळी भानगड आहे. बांबूचा ट्रे एकसंध नसतो, पट्ट्या चिकटवून फळी केलेली असते. त्यावर रोज उकळतं पाणी पडलं की साधा पांढरा गोंद मऊ पडतो, सांधा केसाएवढा उघडतो आणि पाणी आत शिरतं. अशी रेघ पुसून जात नाही. सांधा नखाने दाबल्यावर हलत असेल तर ट्रे पूर्ण वाळवून इपॉक्सी भरून आवळून ठेवता येतो. बऱ्याच ठिकाणी उघडला असेल तर त्याच्यावर फुलदाणी ठेवा.

इथे माझं एक ठाम मत आहे. आठव्या शतकात चहावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या चिनी लेखक लू यूने चहाच्या साधनांची जी यादी लिहून ठेवली, तीत लाकूड आणि बांबू भरपूर आहेत. पण पाणी साठवायचं लाकडी भांडं सांगताना तो आतून आणि बाहेरून सांध्यांना लाख-रोगण द्यायला सांगतो, आणि पाणी ढवळायच्या लाकडी चिमट्याची दोन्ही टोकं चांदीने मढवायला. का, ते त्याने लिहिलेलं नाही. पण आडवा छेद नेमका टोकाला असतो, त्यामुळे सुताराला कारण विचारावं लागणार नाही. ग्वांगझू ज्या ग्वांगडोंग प्रांतात आहे त्याच्याच पूर्व टोकाला चाओझू आहे, गोंगफू चहाचं माहेर. तिथले लोक परंपरेने ज्या चार वस्तूंना 'चार रत्नं' म्हणतात त्या म्हणजे छोटी मातीची चहादाणी, चिनी मातीचे पांढरे पेले, पाण्याची मातीची किटली आणि लाल मातीची शेगडी. चौघांत लाकूड कुठेच नाही. पाणी सांभाळायचं काम मातीचं, पत्ती सांभाळायचं लाकडाचं. ट्रेची कटकट कायमची मिटवायची असेल तर 'कोरड्या' पद्धतीने चहा करा: चहादाणीखाली चिनी मातीची खोलगट बशी, वाया जाणाऱ्या पाण्याला एक वाडगा, शेजारी टिपायला सुती फडकं. लाकडी ट्रे मग नुसता बैठक मांडायला, आणि तो कितीही वर्षं टिकेल.

तेल लावावं का? कोणतं?

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले फिरतात.

खोबरेल, शेंगदाणा, तीळ, मोहरी, यातलं काहीही नको. काही तेलं हवेत हळूहळू घट्ट होऊन कोरडा थर धरतात, काही कधीच धरत नाहीत. खोबरेल दुसऱ्या जातीचं. ते लाकडात तसंच राहतं आणि काही महिन्यांनी खवट होतं. पन्हळी चमच्याला खवट वास लागला की संपलं, कारण कोरडी पत्ती वास ओढून घेण्यात पटाईत. चीनमध्ये चहाच्याच जातीच्या झाडाच्या बियांचं तेल लाकडाला लावणारे पुष्कळ भेटतात. तेही न सुकणाऱ्यांपैकीच. अगदी पातळ हात, तोही ट्रेला, इतपत ठीक.

सुकणारी तेलं म्हणजे चिनी तुंग तेल, अक्रोडाचं आणि आपलं जवसाचं. घाण्यावरचं शुद्ध जवस तेल चालेल; हार्डवेअरमध्ये मिळतं ते 'उकळलेलं' जवस तेल नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. हात इतका पातळ द्या की लावून अर्ध्या तासाने पुसून काढल्यावर लाकूड कोरडंच वाटलं पाहिजे. मग तीन-चार आठवडे वाट बघायची. घाईने वापरलं तर चिमटा चिकट लागतो आणि त्या चिकटपणावर धूळ आणि बुरशी दोन्ही बसतात. आणि हे नीट वाचा: सुकणाऱ्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ती सुकताना गरम होतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा, किंवा मोकळी पसरून बाहेर वाळवा.

न सुकणारं पण खवटही न होणारं एकच, खाण्याच्या दर्जाचं लिक्विड पॅराफिन. ट्रेला सोपा पर्याय. पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

पन्हळी चमच्याला आणि नरसाळ्याला काहीच लावू नका. त्यांना पाणी लागत नाही, मग तेल कशाला?

चिनी रोगण दिलेल्या वस्तू मिळाल्या तर जरूर घ्या, फुजियान प्रांतातल्या फूझूकडचं काम नावाजलेलं आहे. हे रोगण एका झाडाचा चीक आहे आणि ते दमट हवेत घट्ट होतं, म्हणजे ग्वांगझूची हवा त्याला मानवते. ते झाड बिब्बा, काजू आणि आंबा यांच्या कुळातलं. ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखं अंग उठतं. पूर्ण सुकलेल्या थराचा सहसा त्रास होत नाही, पण नवीकोरी वस्तू उघडल्यावर तीव्र वास आला आणि तुम्हाला आंब्याच्या चिकाने ओठ सुजायची सवय असेल, तर महिनाभर हवेशीर जागी ठेवून मग वापरा. आपल्याकडची लाख वेगळी, ती किड्यापासून मिळते आणि गरम पाण्याने पांढरट पडते. लाखकाम केलेला चिमटा उकळत्या पाण्यात घालू नका.

गावोगावी रोग वेगळा

एकच संच दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी बिघडतो, म्हणून कोणाचा सल्ला ऐकताय तो कुठे राहतो हे आधी विचारा. हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण 6 टक्के पाणी राहतं, 80 टक्के असेल तर 16 च्या घरात जातं. हवा आठवडेच्या आठवडे 80 च्या वर राहिली की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

ग्वांगझूत फेब्रुवारीअखेर ते एप्रिल दक्षिणेची ओली हवा थंड भिंतींवर आदळते आणि अक्षरशः फरशीला घाम फुटतो. तेव्हा इथले लोक खिडक्या लावून घेतात आणि हवा सुकवणारं यंत्र चालू करतात. खिडक्या उघडल्या तर ओल वाढते. शांघाय-हांगझू पट्ट्यात तीच अवस्था जून-जुलैत. तिकडे बीजिंगमध्ये 15 नोव्हेंबरपासून 15 मार्चपर्यंत घरोघरी हीटिंग चालू असतं, हवा ठणठणीत कोरडी. फुजियानच्या दमट कारखान्यात जोडलेला ट्रे तिथे गेला की पहिल्याच हिवाळ्यात कडकन आवाज करून चिरतो.

आपल्याकडे पाहिलं तर मुंबई, कोकण आणि गोवा पावसाळ्यात ग्वांगझूच्या वळणावर जातात, आणि मे महिन्यातलं नागपूर कोरडेपणात बीजिंगच्या हिवाळ्याशी बरोबरी करतं. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असाल तर तुमचा त्रासही बीजिंगचाच. तिथे बुरशीचे उपाय करून काही होणार नाही. तिथे ट्रे हीटरपासून आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा. कोरड्या दिवसांत पडलेली बारीक चीर लगेच भरू नका. लाकूड वर्षभर आकसतं-फुगतं, पावसाळ्यात चीर मिटायला बघते आणि मध्ये तुमचा भराव असेल तर फळी दुसरीकडे फाटते. एक सबंध वर्ष जाऊ द्या. आडव्या ट्रेची फळी वाकडी झाली असेल तर फुगीर बाजू ओली आणि खोलगट बाजू कोरडी आहे असं समजा. खोलगट बाजूवर ओलसर फडकं पसरा, बाजूंना वजन ठेवा, सावकाश बसते.

राहिलेल्या तक्रारी, थोडक्यात

पहिल्यांदा पाणी लागल्यावर चमची खरखरीत झाली: लाकडाचे तंतू उभे राहिलेत. पूर्ण वाळवून 400 नंबरच्या कागदाने हलक्या हाताने घासा, पुन्हा ओली करा, वाळवा, घासा. दोन फेऱ्यांत बसतात.

लाल-काळा रंग पाण्यात उतरतो: स्वस्त लाकूड रंगवून महागाचं म्हणून विकणं हा जुना धंदा आहे. पण प्रत्येक वेळी फसवणूकच असेल असं नाही, काही लाकडं मुळात रंग सोडतात. आपल्या बिबळ्याच्या पेल्यात पाणी ठेवलं तर तेही रंगतंच. फरक असा की रंगवलेल्या वस्तूचा आडवा छेद घासला की आत वेगळंच, फिकट लाकूड दिसतं. रंगवलेली असेल तर पाण्याजवळ नेऊ नका.

कुबट नव्हे, पण कपाटाचा वास येतो: डांबराच्या गोळ्या, हिंग, उदबत्तीचा पुडा, यांच्या शेजारी संच ठेवू नका. डांबर गोळीचा वास लाकडात शिरला तर मी तरी तो चमचा टाकून देईन. चंदन-कापूरवासाच्या लाकडाचे चमचे भेटीदाखल मिळतात. शोकेसला शोभतात.

नवीन घ्यायचा झाला तर सहाच्या सहा घेऊ नका. अक्रोडाचा किंवा बांबूचा एक पन्हळी चमचा आणि एक चिमटा इतक्यावर घरचा चहा निवांत होतो. गडद लाकडाच्या चमच्याच्या कडेला फिकट पट्टा असेल तर तो घेऊ नका. ते गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड, स्टार्च त्यातच असतो आणि बुरशी, कीड दोन्ही तिथूनच सुरू होतात. 'कोंबडीच्या पंखाचं लाकूड' म्हणून जे विकतात, त्याच्या गाभ्यात पिसांसारख्या रेषा असतात. चीनच्या 2017 च्या मौल्यवान लाकडांच्या राष्ट्रीय मानकात त्या गटात तीन जाती आहेत आणि त्यातली एक म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला कासोद. ओळखीचा खरादी असेल तर कासोदाच्या जुन्या गाभ्याचा चमचा इथेच करून घेता येईल.

शेवटची तक्रार तातडीची आहे. नळकांड्याखाली टाल्कम पावडरसारखं बारीक पीठ पडतंय आणि बांबूला टाचणीएवढी भोकं दिसताहेत, तर ती बुरशी नव्हे, लाकूड पोखरणारे भुंगेरे आहेत. संच त्याच दिवशी घरातल्या बाकीच्या बांबू-लाकडापासून वेगळा करा. सुपांपासून, टोपल्यांपासूनही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. कीटकनाशक मारू नका, हे चहाचं सामान आहे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. थंड लाकडावर दव धरतं आणि कीड गेली तरी बुरशी येते. पिशवीच्या बाहेरून जमलेलं पाणी पूर्ण सुकेपर्यंत, साधारण रात्रभर, बांधलेलीच राहू द्या. उघडल्यावर सगळं झटकून काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. कागदावर पुन्हा पांढरं पीठ पडलं तर आणखी एकदा फ्रीझर.